विंडोज १० नंतर घरच्या कॉम्प्युटरचं काय करायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ला नेहमीची सुरक्षा-अपडेट देणं थांबवलं. त्या दिवशी कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला नाही. आजही तो तसाच सुरू होतो, यूट्यूब चालतं, वीजबिल भरता येतं, प्रिंट निघते. त्यामुळे बऱ्याच घरांत हा विषय ‘बघू सवडीने’ म्हणून बाजूला पडला आहे. तो बाजूला टाकू नये, असं मला मनापासून वाटतं. पण घाईने दुकान गाठून नवा संच आणण्याचीही बहुतेक घरांना गरज नाही. २०१५ ते २०१८च्या सुमारास घेतलेला चांगला कॉम्प्युटर अजून काही वर्षं व्यवस्थित काम देतो. त्यावर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम ठेवायची, एवढा निर्णय मात्र आता घ्यायला हवा.

अपडेट थांबल्याने काय बिघडतं, ते आधी पाहू. मार्च २०१७मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधली एक गंभीर त्रुटी दुरुस्त करणारं अपडेट दिलं. मे महिन्यात नेमक्या त्याच त्रुटीतून ‘वॉनाक्राय’ हा खंडणी मागणारा प्रोग्राम जगभर पसरला आणि ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचं कामकाजही कोलमडलं. ज्यांनी दोन महिन्यांपूर्वीचं अपडेट घेतलं होतं ते वाचले. ज्या आवृत्तीला अपडेटच मिळणार नाही, तिच्यापुढे हा मार्ग उरत नाही. ‘आमच्याकडे अँटिव्हायरस आहे’ असं लोक सांगतात. अँटिव्हायरस घातक प्रोग्राम ओळखून अडवायचा प्रयत्न करतो, पण ऑपरेटिंग सिस्टीममधली मूळची त्रुटी त्याला दुरुस्त करता येत नाही. शिवाय काही वर्षांनी ब्राउझरही साथ सोडतो. विंडोज ७ आणि ८.१साठी क्रोमच्या नव्या आवृत्त्या फेब्रुवारी २०२३मध्ये बंद झाल्या. ज्या कॉम्प्युटरवरून बँकेचे व्यवहार होतात आणि ज्यात आधार-पॅनच्या स्कॅन केलेल्या प्रती पडलेल्या असतात, तो असा उघडा ठेवणं बरं नाही.

विचार करायला थोडा अवधी हवा असेल तर तो मिळतो. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-अपडेटची वाढीव मुदत जाहीर केली. त्यासाठी विंडोज १०ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात ठेवायला संमती दिली की पैसे पडत नाहीत. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. या मुदतीचा उपयोग पुढची तयारी करण्यासाठी करावा.

आधी कामांची यादी

विंडोज चांगलं की लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम चांगली, या वादात शिरू नका. घरातल्या प्रत्येकाला विचारून, कॉम्प्युटरवर होणारी कामं कागदावर लिहून काढा. मुलीचे ऑनलाइन तास, आजोबांची नाटकं आणि कीर्तनं, सोसायटीचा हिशेब, दुकानाची बिलं, फोटो, सातबारा काढणं, रेल्वेचं आरक्षण, जे असेल ते. मग प्रत्येक कामापुढे ते कशातून होतं हे लिहा. ब्राउझरमधून होणारी कामं बाजूला काढली की यादी एकदम लहान होते. नेट बँकिंग, डिजिलॉकर, महाभूलेख, आपले सरकार, जीमेल, गूगल मीट या सगळ्याला फक्त एक अद्ययावत क्रोम किंवा फायरफॉक्स लागतो. तो विंडोजवर आहे, मॅकवर आहे आणि लिनक्सवरही आहे.

उरलेल्या यादीत निर्णय लपलेला असतो. त्यात एक जरी काम असं निघालं, जे फक्त विंडोजवरच होतं आणि जे टाळता येत नाही, तर निवड झालीच असं समजा. आपल्याकडे अशी कामं कोणती, हे जरा तपशिलाने सांगतो, कारण परदेशी सल्ल्यांमध्ये ती सापडत नाहीत.

टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनतं. ज्या घरात टॅलीवर खतावणी होते, तिथे विंडोजच ठेवावं. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरणारे, म्हणजे निविदा भरणारे कंत्राटदार, कंपन्यांचे संचालक, सीए, यांनीही विंडोज सोडू नये. काही टोकनांचे लिनक्स-ड्रायव्हर मिळतात, पण सहीसाठी लागणारा पूरक प्रोग्राम, ब्राउझर आणि ड्रायव्हर या तिघांचा मेळ बसवताना निविदेची वेळ निघून जाण्याची भीती असते. घरातून सेवा केंद्र चालवणाऱ्यांच्या बोटांचे ठसे घेण्याच्या यंत्रांबाबतही हेच. फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं काम करणाऱ्याला कोरलड्रॉ लागतं, आणि छपाईवाल्याला फाइल त्याच स्वरूपात हवी असते. परीक्षांचाही विचार करा. ‘सेफ एक्झाम ब्राउझर’सारखे प्रोग्राम विंडोज आणि मॅकवर चालतात, लिनक्सवर नाही. मुलांच्या खेळांपैकी व्हॅलोरंटसारखे, फसवणूक रोखणारा खास प्रोग्राम सोबत आणणारे खेळ लिनक्सवर चालत नाहीत. स्टीमवरचे इतर कितीतरी खेळ मात्र आता चालतात.

आयकराच्या विवरणपत्राबद्दल नेहमी विचारणा होते. विभागाची एक्सेलमधली फाइल मॅक्रोंवर चालते, त्यामुळे तिला खरं मायक्रोसॉफ्ट एक्सेलच लागतं. पण साध्या पगारदाराचं किंवा निवृत्तिवेतनधारकाचं विवरणपत्र पोर्टलवर थेट ब्राउझरमधून भरता येतं. म्हणजे केवळ या कारणासाठी विंडोजला बांधून राहायची गरज नाही.

यादीत प्रिंटर लिहायला विसरू नका. एचपीचे बहुतेक प्रिंटर लिनक्सवर लगेच ओळखले जातात. एप्सनच्या शाईच्या टाकीवाल्या प्रिंटरांना आणि ब्रदरच्या यंत्रांना कंपनीचेच लिनक्स-ड्रायव्हर मिळतात. आपल्याकडे घरोघरी आणि झेरॉक्सच्या दुकानांत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र लिनक्सवर छळतो. तो चालवता येतो, पण पहिल्यांदाच लिनक्स बघणाऱ्याने त्या खटपटीत पडू नये.

विंडोज ११ चालेल का?

यादीतून ‘विंडोजच हवं’ असं निघालं, तर पुढचा प्रश्न कॉम्प्युटरला विंडोज ११ झेपेल का, हा. मायक्रोसॉफ्टच्या अटी अशा: ६४-बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूटची सोय आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप किंवा प्रोसेसरमधलीच तशी सोय. खरी अडचण प्रोसेसरच्या पिढीची येते. इंटेलची आठवी पिढी आणि एएमडीची रायझन २००० मालिका, साधारण इथून पुढचे प्रोसेसर मान्य आहेत.

आपला प्रोसेसर कोणता, ते सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि त्याखाली अबाउट उघडलं की दिसतं. इंटेलच्या आय ३, आय ५, आय ७ या नावापुढे डॅश देऊन आकडा असतो. तो ७४०० असेल तर सातवी पिढी, ८४०० असेल तर आठवी, १०४०० असेल तर दहावी. लॅपटॉपवर ११३५जी७ असा आकडा दिसला तर ती अकरावी पिढी, पहिली नव्हे. हे जमत नसेल तर मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा मोफत प्रोग्राम चालवा, तो सरळ हो किंवा नाही सांगतो.

त्याने ‘नाही’ म्हटलं तरी एक गोष्ट तपासल्याशिवाय हार मानू नका. दुकानात जुळवून घेतलेल्या, म्हणजे असेंबल्ड डेस्कटॉपमध्ये, प्रोसेसर पुरेसा नवा असूनही टीपीएम बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेलं असण्याची शक्यता बरीच असते. इंटेलच्या मदरबोर्डवर त्याचं नाव पीटीटी, एएमडीच्या मदरबोर्डवर एफटीपीएम. बायोसमध्ये जाऊन ते चालू केलं की हाच कॉम्प्युटर विंडोज ११ला पात्र ठरतो. दुसरी गोष्ट म्हणजे, अशा संचांवर विंडोज जुन्या ‘लेगसी’ पद्धतीने टाकलेलं असू शकतं, त्यामुळे सिक्युअर बूट चालू होत नाही. डिस्कवरची माहिती न पुसता ही पद्धत बदलणारं साधन मायक्रोसॉफ्टनेच दिलेलं आहे. माहितगाराला बोलावून ते करून घ्या, आणि त्याआधी सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा. मान्य कॉम्प्युटरवर अधिकृत विंडोज १० असेल तर विंडोज ११ फुकट मिळतं. त्याचे पैसे मागणाऱ्याला ते कशाचे, हे विचारा.

अमान्य प्रोसेसरवरही युक्तीने विंडोज ११ बसवता येतं. तशी साधनं इंटरनेटवर आहेत आणि दुरुस्तीवालेही सुचवतात. घरच्या मुख्य कॉम्प्युटरवर हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अशा यंत्रांना अपडेट मिळत राहण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. घरगुती विंडोज ११ची प्रत्येक वार्षिक आवृत्ती दोन वर्षं सांभाळली जाते, आणि पुढच्या आवृत्तीवर जाताना तीच युक्ती पुन्हा करावी लागते. ज्या घरात हे करणारा माणूस नाही, तिथे काही काळाने पुन्हा अपडेटविनाच दिवस काढावे लागतील.

क्रॅक केलेल्या विंडोजबद्दलही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. ‘विंडोज टाकून देतो’ म्हणणारा जो फुकटचा ॲक्टिव्हेटर चालवतो, त्याला चालू होण्यासाठी बहुधा अँटिव्हायरस बंद करावा लागतो. त्या प्रोग्रामच्या आत आणखी काय आहे, हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ज्याच्यासाठी अँटिव्हायरस बंद केला, त्याच यंत्रावर पुढे बँकेचा पासवर्ड टाकायचा, हे मला पटत नाही. विंडोज घ्यायचंच तर परवान्यासकट, पावतीवर त्याची नोंद करून घ्या. पैसे वाचवायचे असतील तर त्यासाठी कायदेशीर आणि चांगला मार्ग उपलब्ध आहे, त्याकडे आता वळू.

लिनक्स कुणासाठी?

१९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहायला घेतला. आज अँड्रॉइड फोनच्या मुळाशी तोच गाभा आहे, म्हणजे आपण सगळे रोज लिनक्स वापरतोच. घरच्या पीसीसाठी हा गाभा अनेक रूपांत मिळतो आणि नवखा माणूस त्या नावांच्या गर्दीतच दमतो. म्हणून मी एकच नाव सुचवतो: लिनक्स मिंट. विंडोजवरून येणाऱ्याला डाव्या कोपऱ्यातला मेन्यू, खालची पट्टी, फाइलींच्या खिडक्या असं सगळं ओळखीचं वाटतं. त्याची २२वी मालिका उबंटू २४.०४वर आधारलेली आहे आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षा-अपडेट मिळणार आहेत. कमीत कमी २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असेल तर ठीक चालतं. यंत्र फारच जुनं असेल तर मिंटचीच ‘एक्सएफसीई’ नावाची हलकी आवृत्ती घ्या. प्रोसेसर ३२-बिटचा असेल, तर मात्र त्या कॉम्प्युटरवर आणखी खर्च आणि वेळ घालवू नये.

ज्या घरातली कामं ब्राउझर, पत्रव्यवहार, हिशेबाचे तक्ते, फोटो आणि गाणी-सिनेमे एवढीच आहेत, त्या घराला मिंट पुरतं. वर्ड-एक्सेलच्या जागी लिबरऑफिस आधीच आलेलं असतं. ते वर्डच्या फाइली उघडतं आणि त्याच स्वरूपात जतनही करतं. खूप तक्ते किंवा विचित्र मांडणी असेल तर पानं थोडी सरकतात, तेव्हा कुणाला फाइल पाठवायची असेल तर पीडीएफ करून पाठवा. गिम्प, व्हीएलसी, झूम, क्रोम सगळं मिळतं. मिंटमध्ये ‘टाइमशिफ्ट’ नावाची सोय आहे. ती पहिल्याच दिवशी चालू करून ठेवा. एखाद्या अपडेटने काही बिघडलं, तर आदल्या स्थितीत परत जाता येतं.

‘मुलांना पुढे विंडोजच लागणार, मग लिनक्स कशाला?’ ही शंका पालकांकडून येते. केरळमधल्या सरकारी शाळांत मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतात आणि पुढे विंडोजवरही काम करतात. अभियांत्रिकीला जाणाऱ्या मुलाला तर घरी लिनक्स असणं फायद्याचंच ठरतं. पायथन, सी आणि सर्व्हरची कामं तिथे सहज शिकता येतात. एमएस-सीआयटी किंवा सरकारी टंकलेखन परीक्षेची तयारी चालू असेल, तेव्हा मात्र संस्थेत जे आहे तेच घरी ठेवा. सराव त्याच कळफलकावर आणि त्याच प्रोग्राममध्ये व्हायला हवा.

खरी अडचण वेगळीच असते. गावातला दुरुस्तीवाला विंडोज जाणतो, लिनक्स फारसा नाही. रात्री आठ वाजता प्रिंट निघाली नाही तर फोन कुणाला करायचा? ओळखीत कुणी जाणकार असेल तर उत्तम. नसेल तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या प्रकल्पाचे धडे पाहा. लिनक्स, लिबरऑफिस, गिम्प अशा विषयांवरचे त्यांचे छोटे चित्रफीत-धडे मोफत आहेत आणि बरेचसे मराठीतही आहेत. एक धडा लावायचा, थांबवायचा, तेवढंच आपल्या यंत्रावर करून बघायचं. साठीच्या पुढच्या माणसालाही हा वेग झेपतो.

मराठीत लिहिण्याची सोय

मराठी टायपिंगमुळे कॉम्प्युटर बदलायला घाबरणारे मला सर्वांत जास्त भेटतात. त्यांची भीती अनाठायी नाही, फक्त ती चुकीच्या जागी असते.

युनिकोडमध्ये मराठी लिहिणं आता सगळीकडे सारखंच सोपं आहे. विंडोज १० आणि ११मध्ये मराठी भाषा जोडली की इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कळफलक मिळतात. फोनेटिकमध्ये इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहिला की मराठी शब्द उमटतो. लॅपटॉपवर ‘विंडोज होम सिंगल लँग्वेज’ असं लिहिलेलं पाहून काही जण समजतात की यात मराठी येणारच नाही. त्या नावाचा अर्थ एवढाच की मेन्यूंची भाषा एकच ठेवता येते. मराठी कळफलक त्यातही जोडता येतो. गूगलचं जुनं ऑफलाइन इनपुट टूल अनोळखी संकेतस्थळावरून उतरवून घेऊ नका. गूगलने ते केव्हाच काढून घेतलं आहे आणि आता त्याची गरजही नाही.

मिंटमध्ये कळफलकाच्या सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी इन्स्क्रिप्ट जोडता येतं. आयबस आणि त्याचं एम१७एन हे पॅकेज घेतलं की फोनेटिक आणि रेमिंग्टनसकट आणखी पद्धती मिळतात. ज्यांची बोटं टाइपरायटरवर तयार झाली, त्यांना रेमिंग्टन आहे हे कळल्यावर मोठा दिलासा मिळतो. फॉन्टचीही उणीव नाही. आयआयटी मुंबईचा शोभिका, मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा, हे सगळे मोफत आणि देखणे आहेत.

अडचण येते ती जुन्या फाइलींची. श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी योगेश अशा फॉन्टमध्ये पंधरा-वीस वर्षांपूर्वी टाइप केलेला मजकूर आतून रोमन अक्षरांच्या सांकेतिक अंकांवर बसवलेला असतो. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरं दिसतात. फॉन्टची फाइल नव्या सिस्टीममध्ये टाकली की मजकूर पुन्हा वाचता येतो, लिनक्सवरसुद्धा. पण त्या फॉन्टमध्ये नव्याने टाइप करायला श्रीलिपी किंवा आयएसएमसारखा प्रोग्राम लागतो आणि तो विंडोजचा असतो. म्हणून ज्यांच्याकडे असा मोठा साठा आहे, कुलवृत्तान्त, संस्थेचे अहवाल, कवितांच्या वह्या, त्यांनी विंडोज चालू असतानाच दोन गोष्टी कराव्यात. लागणारे सगळे फॉन्ट एका फोल्डरमध्ये जपून ठेवावेत. आणि महत्त्वाच्या फाइलींची पीडीएफ प्रत काढून, मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा. परिवर्तक जोडाक्षरं, रफार आणि पहिल्या वेलांटीपाशी चुका करतो, तेव्हा रूपांतरित मजकूर एकदा डोळ्याखालून घालावाच लागतो. काम कंटाळवाणं आहे, पण ते पुढे ढकललं तर उद्या घरात कुणालाच हा मजकूर उघडता येणार नाही. ऑपरेटिंग सिस्टीम कोणतीही निवडा, हे काम त्याआधी उरका.

मॅक आणि क्रोमओएस फ्लेक्स

मॅकओएस अधिकृतपणे फक्त ॲपलच्या यंत्रांवर चालते, त्यामुळे जुन्या पीसीसाठी हा पर्याय नाही. नवं यंत्र घ्यायचंच असेल, घरात आयफोन असतील आणि टॅली-टोकनची भानगड नसेल, तर मॅक मिनीचा विचार जरूर करा. एम४ प्रोसेसरचं मॉडेल २०२४च्या अखेरीस भारतात ५९,९०० रुपयांपासून आलं. मॉनिटर आणि कीबोर्ड आपला जुनाच लावता येतो. सेकंडहँड घेताना इंटेल प्रोसेसरचा मॅक टाळा. इंटेलच्या मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती मॅकओएस २६ असेल, असं ॲपलने जाहीर केलेलं आहे.

गूगलचं क्रोमओएस फ्लेक्स जुन्या पीसीवर मोफत टाकता येतं. ते म्हणजे जवळजवळ फक्त ब्राउझर. प्ले स्टोअरमधली ॲप त्यावर मिळत नाहीत. नेट चांगलं असलेल्या घरात, केवळ बातम्या, व्हिडिओ आणि ईमेल पाहणाऱ्या ज्येष्ठांसाठी ते सुटसुटीत आहे. नेट सारखं जात असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

बदलण्याआधी चाखून बघा

लिनक्सचा मोठा गुण असा की कॉम्प्युटरवर काहीही न टाकता तो वापरून बघता येतो. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे, तेव्हा तो रिकामा करून ठेवा. मिंटची फाइल जवळपास ३ जीबीची असते. मोबाइलचा रोजचा डेटा तिला पुरत नाही, म्हणून फायबर असलेल्या कुणाच्या तरी घरून ती उतरवा, आणि मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. रूफस किंवा बलेना एचर या प्रोग्रामने ती पेनड्राइव्हवर चढवा. कॉम्प्युटर सुरू होताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप यांपैकी तुमच्या कंपनीची जी कळ असेल ती दाबून पेनड्राइव्ह निवडा. थोड्या वेळात मिंट समोर येतं, आणि डिस्कवरचं विंडोज जागच्या जागी राहतं.

आता बारकाईने तपासा. वायफाय लागतं का? आवाज येतो का? कॅमेरा दिसतो का? लॅपटॉप झाकून पुन्हा उघडल्यावर जागा होतो का? प्रिंटर जोडून एक पान काढा, मराठीत चार ओळी लिहा, बँकेचं पान उघडा. वायफाय दिसत नसेल तर मोबाइल यूएसबीने जोडून नेट द्या आणि ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडा. ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपचा ड्रायव्हर तिथे मिळतो. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हरही तिथेच मिळतो, पण तो मिंट डिस्कवर कायम बसवल्यानंतर घ्यायचा. पेनड्राइव्हवरून सगळंच सावकाश चालतं, म्हणून यावरून वेगाचा अंदाज बांधू नका. घरातला सगळ्यात कमी उत्साही माणूस एक संध्याकाळ त्यावर बसवा. त्याला काय अडतं, ते टिपून ठेवा.

एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवता येतात, पण नवख्याला मी ते सुचवत नाही. कधी विंडोजच्या अपडेटनंतर सुरुवातीचा मेन्यू गायब होतो. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद न केल्यास त्याच्या डिस्कवर लिनक्समधून लिहिता येत नाही. आणि घड्याळ साडेपाच तास पुढे-मागे होतं. घड्याळाचं कारण सोपं आहे. मदरबोर्डवरची वेळ विंडोज स्थानिक समजतं, लिनक्स ती ग्रीनिचची समजतो. एका आज्ञेने हे दुरुस्त होतं, पण कारण ठाऊक नसलेला माणूस मदरबोर्डची बॅटरी बदलत बसतो.

लॅपटॉपवर डिस्क-एन्क्रिप्शन चालू असेल तर कशालाही हात लावण्याआधी बिटलॉकरची ४८ अंकी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. विंडोज ११च्या अलीकडच्या आवृत्त्या नव्याने टाकताना हे एन्क्रिप्शन आपोआप चालू होऊ शकतं, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बायोसमध्ये काही बदललं की ती की विचारली जाऊ शकते. सापडली नाही तर फाइली गेल्याच समजा.

शेवटची गोष्ट एसएसडीची. जुन्या कॉम्प्युटरमध्ये अजून फिरती हार्डडिस्क असेल, तर तो हळू चालण्याचं मुख्य कारण तीच असते, ऑपरेटिंग सिस्टीम बदलून त्यात फारसा फरक पडत नाही. तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, बसवा. जुनी डिस्क फॉरमॅट करू नका, फक्त तिची केबल काढून ठेवा. नवी सिस्टीम, मग ती विंडोज ११ असो वा मिंट, रिकाम्या एसएसडीवर टाका. या कामाच्या वेळी कॉम्प्युटर यूपीएसवर ठेवा, कारण मध्येच वीज गेली तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं. मग लागतील त्या फाइली जुन्या डिस्कवरून आणा. काही मनासारखं झालं नाही तर जुनी केबल परत लावली की आदल्या दिवसाचा कॉम्प्युटर जसाच्या तसा हातात येतो. महिना-दोन महिने कुणाचं काही अडलं नाही, विवरणपत्र भरून झालं, मुलांचा निकाल डाउनलोड झाला, प्रिंटरही मुकाट चालला, की त्या जुन्या डिस्कवरची महत्त्वाची माहिती आणखी एका ठिकाणी उतरवा, तिला यूएसबीच्या डबीत बसवा आणि घरच्या फोटोंच्या बॅकअपसाठी वापरायला काढा.